बोनेटमधला मोदक

"हात नको लावू, ओलं हाय!"

पेणजवळच्या जोहे गावातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात सकाळपासून हेच ऐकू यायचं. ओल्या रंगाला कुणी बोट लावू नये म्हणून ओरडणं ठीक आहे. पण मामाच्या तोंडात ते असं बसलं होतं की तो ते कशालाही म्हणायचा. त्याच्या डब्यातल्या भाकरीकडे कुणाचा हात गेला, ओलं हाय. मोबाईल मागितला, ओलं हाय. कारखान्याच्या शेठने प्रेमाने पाठीवर हात ठेवला की समजायचं जास्तीचं काम आलं, तेव्हा खांदा काढून घेत, "हात नको लावू शेठ, ओलं हाय." एकदा मी विचारलं, "मामा, मामी कुठाय?" तर घराकडे बोट दाखवून कुजबुजला, "तिकडं जाऊ नको. सकाळीच भांडलोय. अजून ओलं हाय."

त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर फोन करून माझ्या सात पिढ्या काढेल, आणि त्यातल्या दोन-तीन त्याच्याच नात्यातल्या निघतील. सगळा कारखाना त्याला मामा म्हणायचा, मीही मामा म्हणायचो, आणि अरेतुरेच करायचो. आमच्याकडे मामाला अहोजाहो केलं तर तो मागे वळून बघतो, कोण पाहुणा आलाय म्हणून.

मामाचं काम एकच. डोळे. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंगाचा रंग फवारणं, मुकुटाला सोनेरी मारणं हे सगळं आम्ही करायचो. पण डोळ्यांची आखणी मामाची. तोपर्यंत गणपती रांगेत आंधळे बसून असायचे, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. मामा स्टुलावर बसायचा, जिभेचं टोक बाहेर काढायचा आणि श्वास बंद करायचा. भुवई, पापणी, बुबुळ, आणि शेवटी बुबुळातला तो पांढरा ठिपका. ठिपका पडला की असा उसासा सोडायचा, रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं आत म्हैस बांधलीय.

हा उसासा मी फार झकास काढतो. मी सगळ्यांचेच आवाज काढतो. पेणला शाळेत मास्तरांनी हजेरी घेतली की त्यांच्याच आवाजात "हजर" म्हणायचो आणि लगेच वर्गाबाहेर हजर व्हायचो. कारखान्यात माझ्या दोन आयटमला जोरदार मागणी होती: मामाचा उसासा आणि मामीचा खोकला.

मामी आमच्यातच बसून पॉलिश पेपरने मूर्ती घासायची. प्लास्टरचं पीठ उडायचं, खोकायचे सगळेच, पण मामीचा खोकला वेगळा. आधी "खें खें खें खें" अशी लांबलचक माळ, मग मध्येच काहीच नाही, आणि आपल्याला वाटावं संपलं, तेवढ्यात "फुस्स". पेणच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, धुळीपासून लांब राहा. मामा बाहेर येऊन म्हणाला, "त्याला काय कळतंय? हवा कुंद हाय म्हणून होतंय. उन्हं पडली की जाईल." उन्हं पडली, गेली, परत पडली. मग मामाने तिला तोंडाला बांधायला एक नवा रुमाल आणून दिला आणि आपण फार मोठं काम केलं अशा तोऱ्यात फिरला.

मामाचा जीव होता गाडीत. छोटी लाल गाडी, कुणाच्या तरी हाताखालून आलेली. मामीचं माहेर रोह्याला. नागोठण्यापर्यंत गाडी शहाण्यासारखी जायची, पण भिसे खिंडीचा चढ लागला की धापा टाकायला लागायची. मागून एसटी यायची, हॉर्न मारत पुढे निघून जायची, खिडकीतली पोरं आम्हाला टाटा करायची. मी मागच्या सीटवरून त्यांना उलटा टाटा करायचो, मामा स्टेअरिंगवर मूठ आपटायचा. मामी म्हणायची, "राहू द्या हो. ती पण माझ्यासारखीच."

एका वर्षी, ऐन कामाच्या दिवसांत, मामाने पनवेलच्या एका पोराकडून गाडी ट्यून करून आणली. पोराने लॅपटॉप लावून इंजिनचा प्रोग्राम बदलला, आणि हवेच्या फिल्टरचा बंद डबा काढून त्या जागी एक उघडा फिल्टर बसवला, ताकद वाढायला. मामाने बोनेट उघडून आम्हाला दर्शन दिलं. फिल्टर खाली गोल, वर निमुळता, अंगाला सगळीकडून कळ्या पाडलेल्या.

"मामा, हा तर मोदक!"

"हात नको लावू, ओलं हाय." मग छाती काढून, "गाडीचं डोकं बदलून आणलंय. गणपतीचं डोकं बदललं तर तो देव झाला. आता ही काय होते बघ. भिसे खिंड तिसऱ्या गिअरमध्ये!"

"आणि मोदक कशाला?"

"अरे, ते नाक. आता गाडी मोकळा श्वास घेणार."

मामी दारात उभी होती, तोंडाला रुमाल. तिने तो सोडला, नीट घडी केली आणि बोनेटवर ठेवला.

"गाडीला नाक," ती म्हणाली, "आणि मला रुमाल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती रोह्याला भावाकडे गेली.

मामाने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. रोज सकाळी अगरबत्ती फिरवून झाली की शेडमध्येच, घासकामाच्या शेजारी, गाडी चालू करायचा आणि जागच्या जागी रेस करायचा. व्रांऽऽ, व्रांऽऽ. गाडी वीतभर पुढे जायची नाही. आम्ही सगळे पिठाच्या ढगात, आणि मधोमध गाडी मोकळा श्वास घेतेय. रोह्याला जायचं काढलं की मामा म्हणायचा, "एवढ्या रांगेचे डोळे होऊ देत." रांग काही संपायची नाही.

शेवटी मामीचाच फोन आला. मामाचे हात रंगाचे, म्हणून त्याने स्पीकर लावला आणि सगळ्या कारखान्याने घासणं थांबवलं.

"रविवारी न्यायला आलात तर बसून बोलू," मामी म्हणाली. "नाय आलात तर परत फोन करू नका."

"अगो, येतो म्हणजे काय! तिसऱ्या गिअरमध्ये येतो!"

फोन कट. मामा बराच वेळ एकाच बुबुळात ठिपका शोधत बसला.

रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल थापून आला. किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन काही पकडेना. परत फिरवली. परत तेच. मामाच्या कपाळावरचं तेल भुवईत उतरायला लागलं.

अशा वेळी आपल्याकडे किती इंजिनिअर जमतात ते तुम्हाला माहीत आहेच. एकाने धक्का मारायला सांगितलं. एकाने लिंबू आणलं. शेठ म्हणाला, "डोकं बदललं की असंच होणार. गणपतीच्या वेळी करणारे शंकर होते, इथे पनवेलचा पोरगा."

मी पेणहून नईमला बोलावलं. नईम माझा शाळेतला दोस्त, गॅरेज चालवतो. त्याचा मोठा भाऊ कुवेतला, त्यामुळे कुठलाही बिघाड बघितला की नईम आधी म्हणतो, "तिकडं असं होत नाय." मग कामाला लागतो. बॅटरी बघितली, ठणठणीत. काट्यांशेजारचा किल्लीचा दिवा बघितला, गाडी किल्ली ओळखत होती. मागच्या सीटला कान लावून पेट्रोलचा पंप ऐकला, डासासारखा गुणगुणत होता. प्लग काढून बघितला, ठिणगी पडत होती.

"मग ट्यूनिंगमध्येच लोचा," नईम म्हणाला आणि पनवेलच्या पोराला फोन लावला.

पोराने विचारलं, "आवाज कसा येतोय?"

मामाने फोन माझ्या तोंडासमोर धरला. "ह्यो काढील. काढ रे."

आपल्याला काय, मागणी आली की पुरवठा. मी डोळे मिटले आणि काढला. "खें खें खें खें खें…" मग जरा काहीच नाही. मग "फुस्स".

अख्खा कारखाना हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे गाडीचा काढ, मामीचा काय काढतोस!"

"गाडीचाच काढलाय," मी म्हटलं. आणि खरंच तो गाडीचाच होता.

मामा हसला नाही.

फोनवरचा पोरगा म्हणाला, "हवा मिळत नसेल. फिल्टर बघा." नईमने मोदक सोडवला. कळ्या कुठे दिसेचनात, सगळा पांढरा. बंपरवर आपटला तर टण्ण वाजला. प्लास्टरचं पीठ आत खेचलं गेलेलं, वर पावसाळी दमट हवा. आपल्या मूर्तीसारखंच ते जागेवर घट्ट झालं होतं. आतल्या पाइपला थर, हवा मोजणाऱ्या सेन्सरलाही थर.

"हिला श्वासच घेता येत नाय," नईम म्हणाला. "तिकडं वाळवंटात पण असं होत नाय. ठेवतोस कुठं गाडी?"

"हितंच."

नईमने वर बघितलं. वासे पांढरे, कोळ्याची जाळी पांढरी, जाळ्यातला कोळीसुद्धा पांढरा. मग खाली घासकामाच्या पाटांकडे बघितलं. "आणि हितं माणसं बसतात?"

मामाने मोदक हातात घेतला. नखाने खरवडला. काही निघालं नाही. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, आता म्हणेल. पण त्या दिवशी तो "ओलं हाय" म्हणाला नाही.

फिल्टरचा जुना डबा आम्ही रंग कालवायला घेतला होता. तो घासून, पुसून, नवा फिल्टर टाकून परत बसवला, आतून गणपतीच्या अंगाच्या रंगाचा. नईमने पाइप धुतला, सेन्सरवर फवारा मारला. मामाने किल्ली फिरवली. खें खें खें… व्रांऽऽ! सायलेन्सरमधून आधी पांढरा लोट आला आणि मग, शपथेवर सांगतो, मुकुटाच्या भुकटीचा सोनेरी. शेठने नकळत हात जोडले.

मामा खाली उतरला, आत गेला आणि ब्रशांचा डबा काखोटीला मारून आला. "संध्याकाळी मामीला घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. संध्याकाळी परत येणारा माणूस ब्रश कशाला नेईल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी फोन आला. "गाडी चालू होत नाय."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. इकडे आंधळ्या गणपतींची रांग दारापर्यंत आली. शेठने स्वतः एका मूर्तीवर हात चालवून बघितला. एक डोळा पेणकडे गेला, एक रोह्याकडे. ती मूर्ती तोंड भिंतीकडे करून ठेवावी लागली. मग शेठ मला म्हणाला, "नईमला घे आणि जा. गाडी आण. गाडी नाय आली तरी चालेल, मामा आण."

रोह्याला मामीच्या भावाचं घर कुंडलिका नदीच्या काठाला, केमिकलच्या कंपन्यांपासून लांब. अंगणात लाल गाडी उभी. मामा ओटीवर लसूण सोलत बसलेला. मामी चहा घेऊन आली, तोंडाला रुमाल नाही.

नईमने बोनेट उघडलं, लगेच मान वर केली. "मामा, पंपाचा फ्यूज नाय."

"पडला असंल खिंडीत."

"खिंडीत पडला तर गाडी हितपर्यंत आली कशी?"

"ट्यून केलेली हाय ना," मामा म्हणाला.

नईमच्या खिशात फ्यूज होता. त्याने तो काढला, बसवायला वाकला. मामा लसूण टाकून ताडकन उठला. "हात नको लावू!" आणि मग जरा हळू, मामीकडे न बघता, "ओलं हाय."

मामीने पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता खोकणार. हसत होती.

नईम माझ्याकडे बघायला लागला, मी नईमकडे. त्याने बोनेट खाली पाडलं. "अवघड केस हाय मामा. तिकडं पण असं होत नाय."

शेठला आम्ही तेच सांगितलं. शेठ काही खुळा नाही. दोन दिवसांनी त्याने टेम्पो भरला. आंधळे गणपती, तोंडावर फडकी टाकून, पेंढ्यात बसून भिसे खिंड चढले. पुढे ड्रायव्हरशेजारी मी. रस्त्यात एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठं चालवलेत?" मी म्हटलं, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

तेव्हापासून ही रीतच पडली. जोह्यात मामाचं स्टूल आहे, त्यावर आता शेठचं मांजर झोपतं. तो दगड झालेला मोदक दाराच्या खिळ्याला टांगलाय, गिऱ्हाईक विचारतं हा कुठला नवस. पोरं अजून म्हणतात, मामीचा खोकला काढ. मी काढायला जातो, पण मधली ती गप्प जागा चुकते. कानावर पडल्याशिवाय नक्कल उतरत नाही, आणि रोह्याला जाऊन तरी काय, तिथे आता तो ऐकायला मिळत नाही. मामाचा उसासा मात्र तिथे चालू आहे. शेजारची म्हैस त्याला उत्तर देते.

यंदाही टेम्पो घेऊन गेलो. गाडी अंगणात होती तिथेच. तिच्यावर कारल्याचा वेल चढलाय, वायपरला एक कारलं लटकलंय. मामी ओटीवरून फुलांना पाणी मारत होती आणि मामाला मोठ्याने कसलंतरी सुनावत होती, एका दमात, न थांबता. मामा स्टुलावर, जीभ बाहेर, श्वास बंद. त्याच्या शेजारी ब्रशांचा डबा उघडा. मी सहज आत डोकावलं. बारीक ब्रशांच्या मध्ये, तळाला, एक छोटा निळा फ्यूज पडला होता.

मी दोन बोटं आत घातली.

मामाने मान वळवली नाही. बुबुळात पांढरा ठिपका दिला, उसासा सोडला आणि म्हणाला,

"हात नको लावू. ओलं हाय."