फ्रिजच्या दारातल्या बाटल्या

"म्हणजे रात्रभर मी घड्याळाकडे बघत बसायचं? आणि सकाळी कामावर कोण जाणार, तुझी आई?" नवऱ्याचा आवाज चढला.

"माझी आई वर गेली म्हणून वाचलात. नाहीतर तिने तुम्हाला कान धरून उठवलं असतं." रफूकाकू खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. उजवा डोळा सुजून मिटलेला. नवऱ्याने घातलेला थेंब कानाकडे ओघळत होता.

सगळी गल्ली तिला रफूकाकू म्हणायची. जळलेलं भोक असो की उंदराने कुरतडलेली बाही, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागा काढून ती असं विणायची, की मालकालाही जागा सापडू नये. त्याच हाताने ती घरादाराच्या डोळ्यांत औषध घालायची. सासऱ्यांचा मोतीबिंदू, दिराचं ऑपरेशन, शेजारच्या पोरींचे आलेले डोळे. खालची पापणी अलगद ओढायची, "वर बघ" म्हणायची, थेंब बरोबर आत. उरलेल्या बाटल्या फ्रिजच्या दारात जायच्या. चांगलं औषध, टाकवणार कसं?

स्वतःचा डोळा लाल झाला तेव्हा तिने त्यातलीच एक उघडली. लाली ओसरली, थेंब बंद. पुन्हा लाल झाला, पुन्हा तेच. मग बुबुळावर पांढरा ठिपका आला आणि सुईचं नेढं दिसेनासं झालं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला नमुना तपासायला पाठवला. आज सकाळी त्यांनी सांगितलं, उरलेले थेंब मध्येच घालून मध्येच सोडल्याने हे जंतू आता नेहमीच्या थेंबांना दाद देत नाहीत. दवाखान्यात बनवलेलं कडक औषध दर तासाला घालायचं, रात्रीसुद्धा. भरतीच व्हा. हयगय झाली तर बुबुळाला भोक पडेल.

भोकं बुजवण्यात काकूचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण याला कुठल्या शिवणीतून धागा काढणार?

तरी औषध घेऊन ती घरी आली, कारण मुलगा म्हणाला, "आई, आपण घरीच घालू की. त्यात काय मोठं?"

त्याने घातलेला पहिला थेंब पापणीवर पडला. दुसऱ्याच्या वेळी त्याला फोन आला. सुनेने बाटली खाली ठेवली, "आई, मला बघवतच नाही हो." पुढचा तास तर सगळेच विसरले. काकूने स्वतः घालून पाहिलं, पण दुखऱ्या पापणीने तिलाच जुमानलं नाही.

"त्यापेक्षा ही जुनी बरी," नवरा फ्रिज उघडून म्हणाला. "दिवसातून चारदा घातली की झालं. झोपमोड नाही. मागे लाली उतरली होतीच ना?"

बाटली डोळ्याशी आली तसं तिने त्याचं मनगट धरलं. डावा डोळा मिटला, उजव्याची पापणी बोटाने वर उचलली आणि त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या नवऱ्याचं तोंड दिसेना. नुसता धुरकट उजेड.

ती उठली. फ्रिजच्या दारातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत टाकल्या. त्यावर दोन गाऊन, टॉवेल, सकाळी आणलेलं औषध.

"आई, जेवायचं काय?" मुलाने विचारलं.

"मी भरती व्हायला चालले आहे," काकू म्हणाली. "सूनबाई, तू माझ्याबरोबर चल. या बाटल्या डॉक्टरीणबाईंकडे देणार. यापुढे या घरात कुणाच्याही डोळ्यात उरलंसुरलं औषध जाणार नाही. स्वयंपाक तुम्ही दोघं करा."