रायफलची टोपडी

एखादी वस्तू मिळत नाही म्हणून काम अडतं, हे आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कधी कबूल केलं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी जर्मनीत आले, तेव्हा हे डार्मश्टाटला डॉक्टरेट करत होते आणि दोघांना पुरेल अशी खोली काही मिळत नव्हती. म्हणून पहिले काही महिने मी लुडविग्सहाफेनला मामांकडे राहिले. मामा तिथल्या रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट होते. त्यांच्या आधी त्या गल्लीत मराठी माणूस कुणी पाहिला नव्हता, आणि मामांना पाहिल्यावर आणखी एखादा पाहायची हौस कुणाला उरली असेल, असंही मला वाटत नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आमटी वाढली. आंबटपणा ओळखीचा होता, पण तो कशाचा ते कळेना. "रुबार्ब, इथली आंबट देठांची भाजी," मामा म्हणाले. "आमसूल कशासाठी हवं असतं सूनबाई? आंबटपणासाठी. तो मिळाला ना? मग आमसुलाशी आपलं वैर नाही." मोदकात खोबऱ्याऐवजी चेस्टनट असत आणि पितरांचं पान कोबीच्या पानावर वाढलं जाई. जानवं तुटलं तेव्हा त्यांनी मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीचं नवं करून घातलं आणि वर मला ऐकवलं, "हे टिकेल. आपली परंपरा सुतात कमी पडते." मामी जर्मन, उंच आणि अबोल. त्या हे सगळं मुकाट्याने खात आणि मग स्वतःसाठी एक बटाटा उकडत.

हे सारं स्वयंपाकघरात राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मामा गावच्या नेमबाजी संघाचे सभासद होते. दर रविवारी ते टोपी घालून पिस्तुलाची पेटी घेऊन निघत. सगळे लोक काडतुसं दुकानातून आणत. मामा मात्र ती तळघरात स्वतः भरत. वापरलेली पितळी नळकांडी गोळा करायची, साफ करायची, त्यांत दारू मापून घालायची, वर गोळी बसवायची. नळकांड्याच्या बुडाशी एक इवलीशी धातूची वाटी असते. घोडा आपटला की ती ठिणगी देते आणि दारू पेटते. "दिवाळीत आपण टिकल्या फोडतो ना, त्यांची ही थोरली बहीण," मामांनी मला समजावलं. जर्मनमध्ये तिचं जे नाव आहे त्याचा अर्थ होतो ठिणगीची छोटी टोपी, म्हणून मामा तिला टोपडं म्हणत. "बाळाला टोपडं घातलं की काडतूस तयार," असं म्हणताना त्यांचा चेहरा खरोखर बारशाला आल्यासारखा होई.

त्या वर्षी पलीकडच्या गावाशी सामना ठरला. संघातल्या एकाचा पाय संधिवाताने सुजला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामांची निवड झाली. नेमकी तेव्हाच दुकानातली पिस्तुलाची टोपडी संपली. रायफलची होती, मापाने तंतोतंत तेवढीच. मामा ती घेऊन आनंदाने घरी आले.

मामींनी डबी हातात घेतली, चष्मा लावला. "इथे रायफल लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मामा म्हणाले. "लिहिलंय ते खरं आहे. पण टोपड्याला कुठे वाचता येतं? रायफलचा घोडा जोरात आपटतो म्हणून याचा पत्रा जरा जाड असतो, एवढंच. माझ्या पिस्तुलाला अजून दम आहे."

बुधवारी त्यांनी चार-पाच काडतुसं उडवून पाहिली. सगळी उडाली. त्या रात्री मामा मामींशी इतके नम्रपणे बोलले की टोपडी चालली हे मामींनी न सांगताच ताडलं.

रविवारी आम्ही दोघी सामन्याला गेलो. मामींनी विणकाम आणलं होतं. मामांची पाळी आली. त्यांनी श्वास रोखला, हात लांब केला. टिक.

बार झालाच नाही. नियम असा, की अशा वेळी पिस्तूल निशाणाकडेच धरून थांबायचं, कारण काडतूस उशिराने पेटू शकतं. मामा थांबले. आमच्या पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने कानात बोटं घातली होती. ती काढावीत की ठेवावीत, हे त्याला कळेना. मामींच्या सुया थांबल्या. दुसरं काडतूस. टिक. पुन्हा थांबणं. तिसऱ्याला धाडकन बार झाला. तोवर मामांसकट सगळ्यांचा विश्वास उडाला होता, त्यामुळे सगळेच दचकले आणि गोळी निशाण सोडून भलतीकडेच गेली. चौथं टिक.

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. मग आमच्यातलंही कुणीतरी हसलं. मामांचे कान मागून लाल झालेले मला दिसले.

संघाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, दारात उभे राहिले तर उजेड अडेल असे. ते उठले, पंचांशी बोलले आणि स्वतःची दुकानातली काडतुसं मामांपुढे ठेवली. "आल्झो, चला, हेर डोक्टर. पुन्हा सुरुवातीपासून."

त्या काडतुसांनी मामांनी आयुष्यातला सर्वांत उत्तम नेम साधला. सामना आम्ही जिंकलो. लोकांनी त्यांची पाठ थोपटली, बिअर पाजली. मामा एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून घरी आले.

पुढच्या रविवारी सकाळी टोपी खुंटीवरच राहिली. मामा तळघरात बसून उरलेली काडतुसं एकेक करून उकलत होते. मी चहा घेऊन गेले.

"मामा, आज जायचं नाही?"

त्यांनी पुढचं काडतूस उचललं. मग म्हणाले, "मी इथे आलो ना सूनबाई, तेव्हा रविवार फार मोठा असायचा. कारखाना बंद. माझ्याशी बोलायला कुणी नाही. एकदा भटकत त्यांच्या आवारात गेलो, तर बाकावर बसलेली माणसं जरा सरकली. कोण, कुठला, काही विचारलं नाही. नुसती सरकली." हातातलं काडतूस त्यांनी खाली ठेवलं. "नेमबाजी मी नंतर शिकलो. बसायला काहीतरी कारण हवं ना. आणि त्या लोकांचं मी हसं करून ठेवलं."

वर दाराची घंटा वाजली. मामींनी दार उघडलं तर अध्यक्ष. मामा जिना चढून वर आले आणि बूट नसल्यामुळे मोज्यांवरच उभे राहिले.

"तब्येत बरी नाही का?" अध्यक्षांनी विचारलं.

"तब्येत ठीक आहे."

"मग चला. तुम्ही शेजारी नसलात की मला त्या बाजूने वारा लागतो. माझी मान आखडली आहे." त्यांनी मान दाखवली. ती चांगली मोकळी वळत होती.

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

आता मामा-मामी दोघंही नाहीत. आम्हीही कधीच पुण्याला परतलो. पण मी मामींबरोबर खिडकीत उभी होते ती सकाळ मला अजून दिसते. नदीकडून गार वारा येत होता. मामा जेमतेम अध्यक्षांच्या खांद्याला लागत. कोपऱ्यावर पोचल्यावर अध्यक्ष मामांना वळसा घालून नदीच्या बाजूला आले आणि मग दोघं सावकाश चालू लागले.