पाहुणे येईपर्यंत

मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचं ते दुसरंच वर्ष. पहिल्या वर्षी आम्ही पहिल्याच फेरीत घरी आलो होतो. या वेळी आमचं डोंबिवलीचं कॉलेज एकही सामना न हरता अंतिम फेरीत पोचलं. मी संघाची प्रशिक्षक. समोर यजमान ठाण्याचा संघ, आणि सामना त्यांच्याच मैदानावर, कोलशेतला.

आमची कर्णधार कोपरची. सगळा खेळ तिच्या हातून सुरू व्हायचा. नेमका त्याच दिवशी दुपारी बाराला आमच्या कॉलेजात तिचा केटीचा पेपर होता. पुन्हा नापास झाली तर वडील कॉलेज बंद करणार होते, आणि ते उगाच बोलणाऱ्यांतले नव्हते. म्हणून मी यजमानांच्या क्रीडाप्रमुखांना आधीच फोन करून सगळं सांगितलं.

"नऊला सुरू करू, मॅडम. मुलींचं शिक्षण आधी," ते म्हणाले.

नऊ वाजता त्यांच्या मुली मांडवात ट्रॅकसूट घालून मोबाइल बघत बसल्या होत्या.

"प्रमुख पाहुणे यायचेत," क्रीडाप्रमुख म्हणाले. "पहिला चेंडू त्यांच्या हस्ते उडवायचाय."

"कुठवर आलेत?"

"घोडबंदर रोडला अडकलेत. तिथलं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे. म्हणूनच विचारतेय."

"बसा हो, चहा घ्या. तुमची ती मुलगी गेली तरी बाकीच्या आहेतच की."

हसले. पेपरची गोष्ट मीच त्यांच्या हातात दिली होती, आणि ते ती वापरत होते.

चहा घेतला नाही. पाचजणींना मैदानाच्या मधोमध उभं केलं आणि पंचांकडे गेले. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत जो संघ उतरत नाही, तो हरला असा नियम आहे.

"कशाला वाद, मॅडम?" पंच म्हणाले.

"वाद नाही. फक्त घड्याळ बघा."

त्यांनी नाइलाजाने बघितलं. क्रीडाप्रमुख धावत आले. "तुम्ही पाहुण्यांचा अपमान करताय."

"मी त्यांना अजून पाहिलंही नाही."

त्यांच्या मुली ट्रॅकसूट ओढून काढत मैदानात आल्या. खेळ सुरू होताच मांडवामागच्या त्यांच्या कॉलेजच्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "ए डोंबिवली, पेपरला जा." म्हणजे बातमी तिथपर्यंत पोचवलेली होती. कर्णधाराचे पहिले दोन नेम चुकले. तिसरा बसला, आणि मग तिने त्या बाजूला पाहणंच सोडलं. मध्यंतराला आम्ही बरेच पुढे होतो.

तिसरा डाव संपत आला तेव्हा पाहुणे आले. खेळ थांबवला. मुलींना रांगेत उभं केलं, हस्तांदोलन झालं, शाल झाली, नारळ झाला. मग महिला सक्षमीकरणावर भाषण. घामाने भिजलेल्या मुली उन्हात उभ्या, आणि माइक कोणी सोडेना. मी रांगेत शिरले.

"नीघ. गेटबाहेर माझे मिस्टर गाडी घेऊन थांबलेत."

"मॅडम, एकच डाव राहिलाय."

"नीघ म्हटलं ना."

भाषण चालू असतानाच ती गेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेवटच्या डावात आमची आघाडी वितळत गेली, आणि आम्ही एका बास्केटने जिंकलो. माझ्या मुली तेवढा वेळ कशा टिकल्या, देव जाणे. मी मात्र ओरडून ओरडून घसा बसवला.

बक्षिसाच्या वेळी क्रीडाप्रमुख म्हणाले, "कर्णधार कुठेय? फोटोला कर्णधार लागते."

"पेपरला. तुम्हाला माहीत होतं."

"जिंकलात, मॅडम, पण संबंध बिघडवलेत."

"बरं झालं," म्हटलं, आणि करंडक त्यांच्या हातातून ओढूनच घेतला.

बस घेऊन तडक कॉलेजवर आले. पेपर सुटला. ती जर्सीवर ओढणी घेऊन बाहेर आली.

"शेवटचा प्रश्न राहिला, मॅडम."

"सुटशील?"

"सुटेन." मग तिने बसकडे पाहिलं. "किती फरकाने?"

"एका बास्केटने."

"मी असते तर दहाने जिंकलो असतो."

"मग गेल्या वर्षीच पास व्हायचं होतंस," मी म्हटलं. "चल, बस आत. सगळ्या उपाशी आहेत."