पळायचा पंखा

नावेच्या इंजिनाला पाण्यात फिरून नाव ढकलणारा पंखा निवडताना मी शुद्ध गाढवपणा केला. साठीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता! कोयनेच्या जलाशयाच्या एका काठाला आमची वाडी, दवाखाना समोरच्या काठाला.

इंजिन बसवणारा मिस्त्री मोजकंच बोलायचा. पंख्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत त्यानं विचारलं, "मावशी, पळायचा देऊ का ओझं ओढायचा? नावंत किती माणसं बसत्यात?"

"आमी दोघंच की! पळायचा दे. म्हातारा घाबरला पायजे!"

तो हसला. अंगठा मात्र फिरतच राहिला.

दोन वर्षांनी ह्यांच्या छातीत कळ आली. आमच्यात आजाऱ्याला एकटं धाडत नाहीत. बारा माणसं नावेत चढली. उतर कुणाला म्हणायचं? पळायच्या पंख्याला एवढं ओझं ओढवेना, इंजिन कुंथत राहिलं, नाव गोगलगायीसारखी सरकली. काठावरचा दवाखाना दिसत होता, तेव्हाच ह्यांचा हात माझ्या हातात गार पडला.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. टोपी मांडीवर ठेवून खाली बघत बसला. उठताना म्हणाला, "मावशी, नावंत किती माणसं बसत्यात, येवढंच इचारलं म्या. घरात कुणी आजारी पडल्यावर किती बसत्यात, ते इचारायचं माझंच ऱ्हायलं."