चाळणीबाईंचा निकाल

ऑफिसात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणत. कंपनी लिफ्टचे प्रोग्रॅम बनवायची, आणि कुणीही काही लिहिलं की ते आधी बाईंच्या टेबलावर यायचं. त्यांच्या नजरेतून कॉम्प्युटरच्या मेमरीतली चूक सुटत नाही, अशी ख्याती होती. बाईंना ती जरा जास्तच पटली होती.

अकरा वर्षांपूर्वी एका इमारतीत लिफ्ट आलेली नसतानाच दार उघडलं. आत पाऊल टाकणारा रंगारी खाली पडला आणि पायाने कायमचा अधू झाला. बाईंनी दोन दिवसांत निकाल दिला : चूक लाजऱ्याची. लाजऱ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. खाली मान घालून बोलणारा, दोन लेकींचा बाप. त्याला काढलं. त्याने लिहिलेला भागही काढून दुसरा बसवला, आणि तसं पुन्हा घडलं नाही. विषय संपला.

यंदा जुने प्रोग्रॅम नव्या भाषेत लिहायला घेतले. या भाषेत मेमरीतली जागा एकाने दुसऱ्याला वाचायला उसनी दिली, की त्याचं वाचून होईपर्यंत ती मोडता, म्हणजे पुसून दुसऱ्या कामाला देता येत नाही. मोडायला गेलं तर कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून चालता प्रोग्रॅम बनवणारं यंत्रातलं साधन, प्रोग्रॅम तयारच करून देत नाही. बाईंनी स्वतःचाच जुना भाग जसाच्या तसा उतरवला, आणि कंपायलर अडून बसला : ही जागा अजून दुसऱ्याकडे आहे.

"हा मला शिकवणार!" बाई फणकारल्या. तीन दिवस त्याच्याशी भांडल्या. चौथ्या दिवशी कुठली जागा कधी कुणाकडे असते, याच्या रेघा कागदावर मारल्या, तेव्हा दिसलं. लाजऱ्याचा भाग मजल्याचा आकडा वाचत असतानाच त्याच्या हातातली जागा मोडत होता तो बाईंचा भाग; म्हणून आकडा चुकला आणि लिफ्ट नसताना दार उघडलं. नंतर बसवलेला भाग वाचायला चपळ होता, जागा मोडण्याआधीच त्याचं वाचून व्हायचं, एवढंच.

हे सांगायला बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, कशाला जुनं उकरून काढताय? रंगाऱ्याचा वकील पुन्हा दारात येईल. आणि तुमची रिटायर व्हायला दोन वर्षं तर राहिलीत."

घरी येऊन बाईंनी लाजऱ्याला फोन लावला. तो आता कुठल्याशा दुकानात प्रिंटर दुरुस्त करायचा. बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "तुम्हाला दाखवायलाही आलो होतो. तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचं नीट बघ."

बाईंना ते आठवेना. आठवत नाही, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"हे लेखी द्याल?" त्याने विचारलं.

"साहेबांना विचारून सांगते."

पलीकडे तो जरासा हसला. "राहू द्या, बाई."

बाईंनी पत्र लिहायला घेतलं. चार ओळी झाल्यावर पेन्शनचा विचार आला, आणि कागद खणात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चूक दुरुस्त केली. कंपायलरने मुकाट्याने प्रोग्रॅम तयार करून दिला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं, आणि बाई "थँक्यू सर" म्हणाल्या.