पृथ्वीच्या पुढे चालणारा दगड

गुरूच्या कक्षेत, त्याच्या साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे, लघुग्रहांचे दोन थवे फिरतात. वाट एकच, पण टक्कर होत नाही. पृथ्वीच्या वाटेवर मात्र असा लघुग्रह टिकूच शकत नाही, असा निबंध मी तरुणपणी लिहिला. त्याच्या जोरावर बनारसला विद्यापीठात लागलो.

माझ्याकडे संशोधन करणारी मुलगी बालाजी घाटाजवळच्या मराठी भिक्षुकाची. घरी मला काका म्हणायची, विभागात सर. असा दगड पृथ्वीच्या पुढे राहून हजारो वर्षं टिकू शकतो, हे तिने गणिताने दाखवलं. मी ते घरी नेऊन स्वतः करून पाहिलं. बरोबर होतं. चूक माझ्या निबंधात होती.

तिची शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवायची की नाही, हे विभागातल्या तिच्या व्याख्यानावर ठरणार होतं. तिचं बोलून झालं आणि मी उठलो.

"इनके पिताजी घाट पर बैठकर सबके ग्रह बदल देते हैं. बेटी ने सोचा, एक हम भी बदल दें."

सगळे हसले.

"सर, गलती कहाँ है, बता दीजिए."

"गलती होती तो बताते. ये तो श्रद्धा है."

पुन्हा हशा. शिष्यवृत्ती बंद झाली.

तिचे वडील घरी आले. माझ्या आईचे दिवस त्यांनीच केले होते. दारातच म्हणाले, "पोरीचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या हो. जेवायचं विसरून गणितं करते."

"गुरुजी, आता लग्नाचं बघा," मी म्हणालो. चहाही विचारला नाही.

पुढे पृथ्वीच्या वाटेवरचा तसा लघुग्रह खरोखर सापडला. त्यावर विभागात व्याख्यान मीच दिलं. फळ्यावर तिचंच गणित मांडलं, तिचा उल्लेख न करता. टाळ्या घेतल्या.

गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो. ती घरीच शिकवण्या घेते. मुलांना आत बसवून ती बाहेरच्या खोलीत आली.

"तुझं गणित बरोबर होतं," मी म्हणालो. "मला तेव्हाच कळलं होतं."

"मलाही माहीत होतं, काका. बाबांना नव्हतं. एवढे मोठे सर खोटं कशाला बोलतील, म्हणायचे. जाईपर्यंत सगळ्या गल्लीला सांगत राहिले, आमच्या मुलीला काही जमलं नाही."

तिने दार उघडून धरलं.

"जिना बघून उतरा. मुलं खोळंबलीत."