बॉल कुंदाकडे

आमची टीम मोडून बरीच वर्षं झाली. कोणाचे गुडघे गेले, कोणाला नातवंडं झाली, कोणाची बदली पार दुसऱ्या जिल्ह्यात. तरी एखाद्या लग्नात चौघी-पाच जणी एका पंगतीला आल्या, की वाढणारे पुढे निघून जातात आणि आमच्या पानातला भात तसाच राहतो. किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. कूलरच्या जाळीत धूळ साचते तसे ते साचत जातात. आमच्या साचलेल्यातले निम्मे मात्र एकाच बाईच्या नावावर आहेत.

आम्ही चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या कंपनीकडून बास्केटबॉल खेळायचो. नव्वदीचा काळ. खेळाडूंना कंपनी नोकरी द्यायची. दुपारपर्यंत ऑफिस, चार वाजता ग्राउंड. मी शोभा, टीममध्ये सगळ्यात उंच, म्हणून सेंटर. माझं काम रिंगखाली उभं राहून हात वर करणं. उंची मला बापाकडून मिळाली, बॉल कुंदाकडून.

कुंदा आलाम आमची पॉइंट गार्ड. बॉल खालून वर आणायचा, कोण मोकळी आहे ते बघायचं आणि तिच्या हातात नेऊन द्यायचा, हे तिचं काम. आमचे कोच डोंगरे सर मॅचभर ग्राउंडच्या कडेने एकच ओरडत असायचे, “बॉल कुंदाकडे!” दुसरं काही कोचिंग त्यांनी केलं असेल तर मला आठवत नाही.

•

कुंदा पहिल्यांदा आली ती निवड चाचणीला. सरांनी क्लबच्या भिंतीवर खडूने एक रेघ मारली होती. जिचं डोकं रेघेच्या वर, ती ग्राउंडवर. बाकीच्यांनी घरी जायचं.

कुंदा रेघेच्या बरीच खाली होती. सरांनी विचारलं, कुठली? म्हणाली, भामरागड. तिकडे बास्केटबॉल आहे का? म्हणाली, आश्रमशाळेत एक रिंग आहे. सरांनी तिला बाजूला बसायला सांगितलं. पण खेळवायला दहा जणी लागतात आणि रेघेच्या वर नऊच निघाल्या. मग नाइलाजाने तिला घेतलं.

थोड्या वेळाने सरांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. ही पोरगी बॉल आपटत होती, पण बॉलकडे बघतच नव्हती. सगळा वेळ आमच्या तोंडांकडे बघत होती. सर म्हणाले, बॉलकडे न बघता खेळायचं तुला कोणी शिकवलं?

“कोनी नाई, सर. आमच्या इथी ग्राउंडात झाडाच्या मुळ्या आहेत. बॉल कुठी उडन सांगता येत नाई. पाहून काय फायदा? हातानंच शोधा लागते. इथी तं सांगितल्या जागी येते.”

दुसऱ्या दिवशी क्लबमध्ये गेलो तर खडूच्या रेघेवर कॅलेंडर टांगलेलं होतं.

•

पॉइंट गार्डने ओरडून सांगायचं असतं की आता कोणती चाल खेळायची. आमच्या चालींना नंबर होते. कुंदाला ओरडायचं म्हटलं की ती कुजबुजायची. मराठीत तिला लाज वाटायची, आपलं बोलणं हसण्यासारखं आहे असं तिला वाटे. सर म्हणाले, तुझ्या भाषेत ओरड.

मग ती गोंडीत ओरडायला लागली. उंदी, रंड, मुंद. एक, दोन, तीन. आम्ही सगळ्या पाठ करून बसलो. माझी लहान बहीण घरी जिना चढतानाही उंदी-रंड करत चढायची. नागपूरच्या टीमांना काही कळेना. दोन सीझन आम्ही त्याच्यावर काढले.

एकदा एका टीममध्ये धानोऱ्याकडची एक मुलगी निघाली. कुंदाने “रंड” म्हटलं की ही आधीच जाऊन उभी. आमचे पास मध्येच तिच्या हातात जायला लागले. हाफ टाइमला कुंदा तिच्याजवळ गेली, दोघी गोंडीत काहीतरी बोलल्या, हसल्या. आम्हाला वाटलं, आता झालं.

पुन्हा खेळ सुरू झाला तेव्हा कुंदा सरळ मराठीत ओरडली, “शोभा, डावीकडून ये, तुलेच देते.” समोरच्यांना वाटलं ही फसवते आहे. सगळ्या उजवीकडे धावल्या. मी डावीकडून आले, बॉल घेतला, टाकला. मॅच संपेपर्यंत तिने एकही खोटं सांगितलं नाही.

जेवताना मी विचारलं, हे तुला सुचलं कसं?

“खरं बोललं तं कोनी ऐकत नाई वो,” ती म्हणाली आणि वरण वाढून घेतलं.

•

पावसाळ्यात कुंदा सुट्टी घेऊन गावी जायची आणि सर हैराण व्हायचे. नद्या चढल्या की भामरागडचा रस्ता बंद. तेव्हा मोबाईल नव्हते. गेलेल्या माणसाची काही खबर लागत नसे.

एका वर्षी राज्याच्या टीमसाठी कॅम्प होता. आमच्यातली कोणी त्यात जाईल तर कुंदाच, हे सगळ्यांना माहीत होतं. निवड करणारे साहेब बाहेरून आले आणि कुंदाचा पत्ता नाही. सरांनी रोज काहीतरी सांगून वेळ मारून नेली. शेवटच्या दिवशी दुपारी ती ग्राउंडवर आली. चिखल वाळून पाय गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले, बूट गळ्यात अडकवलेले. डोंग्यातून नदी उतरून, पुढे चालत, पुढे ट्रकमध्ये, असं करत आली होती. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा साहेबांनी फक्त उशिराचं कारण विचारलं.

“नदी होती,” कुंदा म्हणाली.

साहेब म्हणाले, नदी तर बारा महिने असते.

“हो साहेब. बारा महिने खाली असते. या टाइमले वर होती.”

साहेबांनी तिला पाय धुऊन यायला सांगितलं. ती तशीच उतरली. संध्याकाळी निवड झालेल्यांची नावं वाचली तेव्हा तिचं पहिलं होतं.

•

नोकरीत तिला टेलिफोन एक्स्चेंजवर बसवलं होतं. कानाला हेडफोन, समोर वायरींचा बोर्ड. कोणाची वायर कोणाला जोडायची ते बघायचं. सर म्हणायचे, कंपनीत आयुष्यात एकदा तरी माणूस योग्य जागी बसला.

एका पावसाळ्यात खाणीत दरड सरकली आणि एक ऑपरेटर मशीनसकट अडकला. एक्स्चेंजवर सगळीकडून एकदम फोन सुरू झाले. खाणीतून, दवाखान्यातून, कॉलनीतल्या बायकांचे. त्यात बड्या साहेबांचा. त्यांना हेड ऑफिसशी बोलायचं होतं, ताबडतोब.

मी शेजारच्या खोलीत कामाला होते, आवाज ऐकून दारात जाऊन उभी राहिले. कुंदा घाईत दिसत नव्हती. ग्राउंडवर दिसायची तशीच दिसत होती. खाण दवाखान्याला जोडली, दवाखाना अँब्युलन्सला, क्रेनवाला खाणीला. बड्या साहेबांचा पुन्हा फोन आला. ती म्हणाली, “साहेब, ठेवा फोन. खाणीले लाइन लागते.” आणि त्यांची वायर उपसून टाकली.

एक्स्चेंजमधले बाकीचे दोघे खुर्चीतून उठून उभे राहिले.

तो माणूस वाचला. पाय मोडला, पण वाचला. दुसऱ्या दिवशी सगळे कुंदाची बदली कुठे होते याची वाट बघत बसले होते. अकराच्या सुमारास बोर्डावर बड्या साहेबांच्या खोलीचा दिवा लागला. कुंदाने वायर लावली. ते म्हणाले, ऑपरेटर, आज मला हेड ऑफिस मिळेल का?

कुंदाने बोर्डाकडे एक नजर टाकली आणि विचारलं, “अर्जंट आहे काय, साहेब?”

मग साहेब म्हणाले, नाही, तसं काही नाही, सवडीने लावा.

•

राज्याकडून खेळल्यावर एका मोठ्या शहरातल्या टीमने तिला बोलावलं. पगाराची मोठी ग्रेड, लाकडी फ्लोअरचं ग्राउंड, राहायला खोली. आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो. सर डब्यात चढले ते गाडी हलेपर्यंत उतरेचनात.

एक सीझन खेळून ती परत आली. टीम जिंकली होती, पेपरात फोटो आला होता, तरी परत आली. कॉलनीत चर्चा सुरू झाल्या. कोणी म्हणे तिथे तिला त्रास दिला, कोणी म्हणे लग्न ठरलं. सरांनी तिला काही विचारलं नाही. बॉल हातात दिला आणि शिट्टी वाजवली. मी विचारलं.

“तिथी सगळ्याच चांगल्या खेळतात,” ती म्हणाली. “मले कामच नोतं.”

याचा आम्ही अपमान मानावा की कौतुक, हे अजून ठरायचं आहे.

•

पुढे तिचा गुडघा गेला. नागपूरच्या हॉलमध्ये ती वळली, पाय वळला नाही. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालायला हरकत नाही, खेळणं विसरा. ती दवाखान्यातून आली आणि महिनोन्‌महिने ग्राउंडच्या कडेला खुर्ची टाकून बसली. चार वाजता यायची, सहाला जायची. त्या दिवसांत आम्ही सगळ्याच वाईट खेळलो.

एक दिवस खुर्चीतून उठली आणि आत आली. सर नाही म्हणाले नाहीत. पळता येत नव्हतं, म्हणून ती मधोमध उभी राहायची आणि आम्ही तिच्याभोवती धावायचो. बॉल तिच्याकडे जायचा आणि लगेच कोणाच्या तरी हातात निघून जायचा. अशी ती आणखी काही वर्षं खेळली. कोणी गुडघ्याबद्दल विचारलं की म्हणायची, “पयले मी पळत होती, आता बॉलले पळवते.”

शेवटची मॅच कधी झाली ते आमच्यापैकी कोणालाच नक्की सांगता येत नाही. हळूहळू ती खुर्चीत जास्त आणि आत कमी दिसायला लागली, एवढंच.

•

आता एक किस्सा राहिला, तो डोंगरे सर समोर असताना कोणी काढत नाही.

गुडघ्याच्या आधीची गोष्ट. आमच्याच कॉलनीत स्पर्धा होती. कुंदाची आई पहिल्यांदा चंद्रपूरला आली होती. बारीकशी बाई, सोबत पिशवीत घरचे तांदूळ आणि सुकी मासळी. मराठी तिला थोडंच यायचं. मुलगी खेळते म्हणजे नेमकं काय करते, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. सेमीफायनलला ती कडेला जमिनीवर बसली. कोणी खुर्ची दिली तर घेतली नाही.

आम्ही आरामात जिंकलो. कुंदाने स्वतः एकही बास्केट टाकली नाही, पण त्या दिवशी माझा हात रिकामा असा राहिलाच नाही. लोक मला खांद्यावर थापट्या मारत होते. कुंदाची आई मात्र जमिनीवरून उठली नाही.

फायनलच्या दिवशी सकाळी मी नळावर बाटल्या भरत होते. ती माझ्याजवळ आली. मी सगळ्यात उंच, म्हणून मीच मुख्य, असं तिला वाटलं असावं. आधी माझ्या हाताला हात लावला. मग म्हणाली, “बाई, माही पोरगी सगळ्यायले देते. तिले कोनी काऊन देत नाई?”

मी समजावायला गेले. तिचं कामच ते आहे, तिने द्यायचं आणि आम्ही टाकायचं, तिच्यामुळेच आम्ही जिंकतो. हातवारे करून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मले समजते,” ती म्हणाली. “घरी बी तसंच करते. सगळ्यायले वाढते, मंग भात सरते. म्हनून तुले सांगून राह्यली. तिले बी दे.”

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

फायनल घासून झाली. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटने मागे होतो. सर ओरडत होते ते सगळ्या ग्राउंडला पाठ होतं, लोकही ओरडत होते, बॉल कुंदाकडे, बॉल कुंदाकडे. ती बॉल घेऊन आत घुसली. दोघी जणी तिच्या अंगावर आल्या आणि त्यांच्या मधून तिने बॉल माझ्या हातात दिला. मी रिंगखाली एकटी होते. तिथून मी डोळे मिटून टाकू शकले असते.

पलीकडे जमिनीवर बसलेली तिची आई मला दिसली.

मी बॉल कुंदाला परत दिला.

तिने घेतला, पण काय करावं ते तिला कळेना. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. अंगावर आलेल्या दोघीही माझ्याकडेच बघत होत्या.

“टाक,” मी म्हटलं.

तिने टाकला. बॉल रिंगवर लागला, वर उडाला, पुन्हा कडेवर पडला आणि बाहेरच्या बाजूने खाली आला. शिट्टी वाजली. आम्ही हरलो होतो.

सरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. तेवढ्यात टाळ्यांचा आवाज यायला लागला. कुंदाची आई उठून उभी राहिली होती आणि एकटीच टाळ्या वाजवत होती.